दोन पात्यांमधली तार

१९३१ साली देवास दोन पात्यांत, म्हणजे एकाच राजघराण्याच्या दोन शाखांत वाटलेलं होतं; रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीच्या राज्यात होती, समोरची धाकट्या पातीच्या. थोरल्या पातीतले भास्करराव घरच्या बिनतारी यंत्रावरून धारच्या, अंथरुणाला खिळलेल्या मित्राशी बोलत. पण संदेश हवेत सोडायची आणि हवेतून पकडून ऐकायची, अशा दोन्ही तारा एकाच गच्चीवर असल्यानं त्यांना स्वतःचीच टकटक ऐकू येई, मित्राची तिच्यात बुडून जाई. "ऐकायची तार लांब बांधा," असं मित्रानं पत्रातून कळवलं.

लांब म्हणजे समोर, बहिणीच्या, अक्काच्या गच्चीवर. त्यासाठी भास्करराव अकरा महिने दोन्हीकडच्या पंचांकडे खेटे घालत राहिले. इकडचे म्हणत, "आपली तार तिकडं कशाला?" तिकडचे म्हणत, "नहीं भिया, तुमची तार आमच्या डोक्यावर नको." शेवटी भास्कररावांनी हात टेकले. "काय ते तुम्हीच ठरवा," म्हणाले.

 

पंचांनी एकत्र बसून, कुणाचाच मान जाऊ नये म्हणून, रस्त्याच्या मधोमध हद्दीवर एक खांब पुरला आणि दोन्ही तारा त्याच्याच टोकाला शेजारी शेजारी बांधून दिल्या.