गोंगाट वजा केल्यावर

कल्पना करा मुलांनो, चार वाजायला वीस मिनिटं उरली आहेत आणि चार वाजता तुमच्या आईचं सहा वर्षांचं काम बंद होणार आहे. खारू नेमकी तशीच बसली होती, आईच्या खुर्चीला खेटून, नखं कुरतडत.

आई एक विझत चाललेला तारा शोधत होती. त्याचे अंधूक क्ष-किरण टिपायला पृथ्वीभोवती एक दुर्बीण फिरत होती. पण अवकाशातले भरकटलेले कण तिच्या कॅमेऱ्यावर सारखे आदळत. किरण आला काय, कण आपटला काय, कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच. या कणांना आई गोंगाट म्हणायची.

"मग त्यातून तारा कसा कळणार?" खारूने विचारलं.

"शेजारच्या खोलीत कोणी नसलं, तरी पंख्याचा आवाज असतोच ना? तो मोजायचा आणि आपल्या खोलीतल्या आवाजातून वजा करायचा. उरेल ती कुजबुज." आईने लॅपटॉपवरचे दोन चौकोन दाखवले. "जुन्या नकाशाप्रमाणे तारा इथे हवा. हे बाजूचं रिकामं आकाश. यातून हे वजा."

तिने बटण दाबलं. शून्य.

गणितकाका दारातून डोकावले. वजाबाकीचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. "ताई, पैसे देणारी समिती समोरच्या खोलीत येऊन बसलीये. चहा संपला की कात्री काढतील."

"एकदा पुन्हा मोजते."

"कितव्यांदा? शून्य कितीही दळलं तरी पीठ पडायचं नाही."

आई कागद गोळा करू लागली. खारूने ते पाहिलं आणि घाईघाईने विचारलं, "काका, शून्य म्हणजे अगदी शून्य?"

"तसं उणे एकेचाळीस येतं. पण उणे तारा असतो का कुठे, बाईसाहेब? म्हणून शून्याखाली काही आलं, की प्रोग्रॅम ते शून्यच धरतो."

"दर वेळी उणेच येतं?"

"दर वेळी. गोंगाट थोडा जास्त मोजला जातो, दुसरं काय."

"चला," आई म्हणाली. "खारू, कशाला हात लावू नकोस. मी पाच मिनिटांत येते. त्यांना नाही म्हणायला तेवढी पुरतील."

दोघं समोरच्या खोलीत गेली. दार बंद झालं.

खारू पडद्याकडे बघत राहिली. शाळेत उत्तर उणे आलं, की बाई रागवायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "कशातून काय वजा केलंस?"

चारला सहा मिनिटं होती. तिने आईचं ऐकलं नाही. दोन्ही चौकोनांच्या जागा बदलल्या आणि बटण दाबलं.

सहा वर्षं सगळ्यांनी रिकामं म्हणून बाजूला ठेवलेल्या आकाशाच्या मधोमध एक ठिपका उजळला, आणि खारूने चार्जरची वायर ओढून काढली, लॅपटॉप तसाच उघडा छातीशी धरला आणि समितीच्या खोलीचं दार खांद्याने ढकललं.