घरटी दोन रुपये

"घागर खाली ठेव. आधी दोन रुपये टाक," सरपंच म्हणाले.

सकुबाई विहिरीच्या पायरीवर थांबली. समोर गावातली वीस-पंचवीस माणसं होती. दोघा-तिघांच्या हातात काठ्या होत्या. तिच्या मागे वेशीबाहेरची वस्ती उभी होती. विहीर सगळ्यांची, असा निकाल मुंबईच्या हायकोर्टाने आठ दिवसांपूर्वी दिला होता. अर्ज सकुबाईच्या नावाचा होता. निकालात शेवटी आणखी एक ओळ होती: अर्जदाराचा खर्च ग्रामपंचायतीने द्यावा. शहापूरच्या वकिलाने ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा ती रडली होती.

सरपंचांच्या मात्र तीच ओळ जिव्हारी लागली होती.

"पंचायतीचा पैसा म्हणजे गावाचा पैसा," ते म्हणाले. "गावाने वर्गणी काढलीय. घरटी दोन रुपये. तुमच्या वस्तीलाही. जिंकलीस ना? मग भर आता."

माणसं हसली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"नको देऊ गो," मागून तिची जाऊ हिरी म्हणाली. दोन रुपये म्हणजे तीन दिवसांची मजुरी.

सकुबाईला नवरा आठवला. देवीच्या जत्रेला तो एकदा रुपयाची वर्गणी घेऊन गेला होता. याच सरपंचांनी तो रुपया परत केला होता. हातात नव्हे, दगडावर ठेवून. "वर्गणी गावकऱ्यांची असते," ते म्हणाले होते. "ज्याची वर्गणी, त्याचा गावात वाटा." नवऱ्याने तो रुपया उचलला, पण मरेपर्यंत मोडला नाही.

तिने कनवटीची गाठ सोडली. तो रुपया काढला. त्यावर दुसरा ठेवला.

"पावती द्या."

पंचायतीच्या सेक्रेटरीने ऐटीत पावती फाडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, "सकुबाई कोंडू, गावकरी. वर्गणी रुपये दोन, पोचले."

सकुबाईने पावती नीट घडी करून चोळीत ठेवली. मग घागरीच्या गळ्याला दोर बांधला.

"यंदा जत्रेच्या वर्गणीला पण या आमच्या वस्तीत," ती म्हणाली. "आमी वाट बघू."

कुणी हसलं नाही. एक म्हातारा सरपंचांच्या कानाशी लागला. सरपंचांचा चेहरा उतरला.

"सेक्रेटरी, तिचे पैसे परत करा. आत्ताच्या आत्ता."

"ठेवा दगडावर," घागर विहिरीत सोडत सकुबाई म्हणाली. "या टायमाला आमी उचलणार नाय."