फळीवरची बाई

उद्या नुईच्या वरपक्षाची माणसं मठात निरूपण ऐकायला येणार होती, आणि निरूपण म्हटलं की ते चित्र आलंच.

थोरले भिक्षू बांबूची काठी उचलून गाऊ लागले की दगडालाही पाझर फुटावा. काठीचं टोक उंच तुळईखालच्या रंगवलेल्या फळीकडे जाई. फळीवर एक बाई चटईवरच्या तान्ह्याचं तोंड हाताने दाबत होती, आणि मागच्या कागदी भिंतीवर तिच्या सावलीला शिंगं होती. ‘आई म्हणू की राक्षसीण?’ हे पालुपद आलं की बायका बाहीने डोळे टिपत आणि हळूच मागे वळून नुईच्या आईकडे, तोसेकडे बघत. चित्रातला चेहरा तोसेचाच होता, हनुवटीवरच्या तिळासकट. दुष्काळात हिनेच पोटची पोर संपवली, हे गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

“नुई, उद्या आईला घरीच बसव बाई,” विहिरीवर शेजारीण म्हणाली. “नाहीतर सासूबाई ताडून बघायच्या, फळीवरची सरस की खालची.”

नुई घरी आली. डाव्या पायाची वहाण तिने आधी काढली. सहाव्या बोटाला बंद नेहमीच काचायचा. तोसे राळे निवडत होती.

“आई, आज सांगच. ते मूल कुणाचं?”

“माझं.”

“मुलगा?”

“मुलगी. दुष्काळात झाली. मला दूध नव्हतं.”

“कुठे पुरलीस?”

तोसेने एक खडा वेचून टाकला. “पुरली नाही.”

“मग भिक्षूंना कळलं कसं?”

“मीच गेले त्यांच्याकडे. त्यांनी वर्षभर राळे दिले, मी चित्राला चेहरा दिला. चित्र लागल्यापासून गावात एकही तान्हं तसं गेलं नाही, नुई. बायका त्या तोंडाला भितात. भिऊ देत.”

“आणि माझं लग्न?”

तोसे पुन्हा सुपाकडे वळली.

“तुझ्या हातचा घासही नको मला,” नुई म्हणाली आणि कोपऱ्यातला विळा घेऊन मठाकडे निघाली.

भिक्षू भिक्षेला गेले होते. तिने शिडी लावली, वर चढली, विळ्याचं टोक आईच्या तिळावर टेकवलं. इतक्या जवळून तिने ते चित्र कधी पाहिलं नव्हतं. गावात कुणीच पाहिलं नव्हतं.

हात तोंड दाबत नव्हता. तान्हं आईचा अंगठा चोखत होतं, टक्क डोळे उघडे ठेवून. अंगावरच्या चिंध्यांतून त्याचा डावा पाय बाहेर आला होता.

त्या पायाला सहा बोटं होती.