दहा सेकंदांचा कागद

वाचनालयात मुक्तलेखन दिवसाला दरवर्षी तोच कागद वाटत. त्यावरचं पेन दहा सेकंद थांबलं, की लिहिलेलं सगळं आपोआप पुसलं जायचं. अडखळणाऱ्यांना भरभर लिहायची सवय लागावी, म्हणून तो मुद्दाम तसा बनवला होता. निवृत्त ग्रंथपाल भास्करराव मात्र सलग तीन वर्षं कोरा कागद घेऊन घरी गेले होते. नेमका शब्द शोधायला ते थांबत, आणि पान पांढरं होई.

यंदा प्रथमच पाच ओळी टिकल्या होत्या. इतक्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचं, शालनताईंचं, पेन घरंगळत टेबलाखाली गेलं. माहेरच्या विहिरीबद्दल त्यांनी जवळजवळ पानभर लिहिलं होतं. ती अक्षरं आता फिकी व्हायला लागली.

भास्कररावांनी आपलं पान सोडलं आणि शालनताईंच्या पानावर पेन टेकवलं.

"अहो, काहीही लिहा, पण थांबू नका," टेबलाखालून आवाज आला.

'शालनचं पेन पडलंय,' ते लिहीत सुटले. 'खरं तर मीच वाकायला हवं होतं, तिचा गुडघा दुखतो. याच विहिरीत तिने मला पोहायला शिकवलं, लग्नानंतर. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिने हनुवटीखाली हात धरला होता...'

त्यांचं स्वतःचं पान केव्हाच कोरं झालं होतं.

"सापडलं का गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

शालनताई खुर्चीत येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या.

"नाही अजून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं पेन पदराखाली घेतलं. "लिहा तुम्ही."