बेचिराग गावातली भाऊबीज

बायनाबाई वेशीतून आत आली तेव्हा हरिबा ओट्यावरच बसला होता. डोईला धुतलेला पटका, अंगणात ओला सडा. पहाटेपासून वाट बघत असणार.

"आलीस का, आक्का?"

"आले बाबा. गुडघा धरला वाटंत, म्हनून उशीर झाला."

पिंपळखोरीत हाक मारायला आता हे एवढं एकच माणूस उरलं होतं. पाच वर्षांमागं प्लेगानं बालाघाटाच्या माळावरची तीन गावं एका हिवाळ्यात उठवली. वाचले ते केजकडं गेले, बीडकडं गेले, आणि परत फिरले नाहीत. माळवदं खचली, गल्लीत बाभळी माजल्या, आडात पारव्यांनी घरटी केली. हरिबा तेवढा राहिला. दोन शेळ्या आणि पोटापुरती ज्वारी देईल एवढं वावर, यावर त्याचं चाललं होतं. त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक म्हणत. बायनाबाईला तसं कधी वाटलं नाही.

तिच्या सासरी चौसाळ्यात शेजारणी भाऊबीजेला माहेरी निघाल्या, की तीही धपाटी फडक्यात बांधून निघायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं. कुठं चाललीस म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं. तरी वेशीपाशी आली की तिचा पाय आपोआप उचलायचा.

तिनं हरिबाच्या डोक्याला तेल चोळलं, अंगावर कढत पाणी घातलं, त्याला ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं तिच्या पदरात चार सीताफळं टाकली.

"तिकडं पाऊस कसा झाला?"

"बरा झाला. तुझा खोकला?"

"हाय तसाच."

एवढंच बोलणं. जुन्या गोष्टी दोघंही काढत नसत. आईबापाचा विषय निघालाच, तर हरिबा शेळ्यांना पाणी दाखवायला उठायचा, आणि बायनाबाईलाही सुटल्यासारखं व्हायचं.

जेवणं उरकत आली, तोच गल्लीत टापा वाजल्या. तालुक्याचा महसूल बघणारा गिरदावर घोड्यावर होता, मागं शिपाई. गावंच्या गावं पालथी घालून दोघंही धुळीनं माखलेले.

"इथं किती घरांत चिराग लागतो?" गिरदावरानं विचारलं.

"एका," हरिबा म्हणाला.

"एका दिव्याचं गाव होत नसतं." त्यानं घोड्यावरूनच कागद उलगडला. "आज हे गाव बेचिराग लिहायचं आहे. हुकूम आहे. इथं आता कोणाला राहता येणार नाही."

"मंग म्या कुठं जाऊ, सरकार?"

"वारस असेल तर त्याच्या हवाली. नसेल तर बीडच्या मोहताजखान्यात, निराधारांमध्ये. म्हणून तर शिपाई आणलाय."

हातातली धपाट्याची चतकोर हरिबानं परत फडक्यावर ठेवली.

बायनाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि उभी राहिली.

"वारस हाय, सरकार. मी बहीण हाय त्याची. सख्खी. मी नेते त्याला माज्या घरी."

गिरदावरानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खोटं निघालं तर कैद होईल, बाई."

"खोटं कशाला बोलू?"

"माहेरचं नाव सांगा."

सरकारी माणसापुढं ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"भामा," मागून हरिबा म्हणाला. "भामा सटवाजी. आमच्या बापाचं नाव सटवाजी."

गिरदावरानं लिहून घेतलं. शिपायानं शाई पुढं केली. बायनाबाईनं अंगठा उठवला.

"नशीबवान आहेस रे," गिरदावर हरिबाला म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज जरा मऊ होता. "तिन्ही गावं फिरलो. वारस निघालेला तू एकटाच."

घोडा वळला. टापा ऐकू येईनाशा झाल्या, तरी दोघं तिथंच उभी होती.

मग हरिबानं घोंगडं, तांब्या आणि ज्वारीचं गाठोडं बांधलं. शेळ्या सोडल्या. दार नुसतं ओढून घेतलं. वेशीपर्यंत तो प्रत्येक घरापुढं क्षणभर थांबत गेला. बायनाबाईनं त्याला घाई केली नाही. उजाड घर मागं टाकून निघणं काय असतं, ते तिला ठाऊक होतं.

वेशीबाहेर तो दगडावर बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगस, हरिबा. मी हाय ना. बहिनीच्या घरी चाललास, परक्याच्या न्हाई."

त्यानं डोळे पुसले.

"भामाआक्का त्या प्लेगातच गेली," तो म्हणाला. "खांदा द्यायला गावात कुनी उरलं नव्हतं. म्या एकट्यानं न्हेली तिला."

बायनाबाईचा हात त्याच्या पाठीवरच थिजला.

"फुडच्या भाऊबीजेला तुमी पल्याडच्या उजाड गावातनं रडत आलता. दारात पानी मागितलं. माज्या तोंडातनं आक्का निघालं, आन् तुमी ओ दिली. चार दिवाळ्या म्या इचारलं न्हाई. इचारलं तर तुमी परत येनार न्हाई, ह्याचं लई भ्या वाटायचं." तो उठला, शेळ्यांची दावी हाताला गुंडाळली. "पन आता तुमच्याच घरी यायचं हाय. बाई, तुमचं नाव काय?"