पडद्याआडची मंडळी

"नाव सांगत नाही तो," पोलीस कॉर्पोरल मार्व्हा म्हणाली. "आवाज बसलेला आहे. सकाळी रेडिओवर फोन करतो आणि टेकडीवरची मंडळी म्हणजे धर्म नव्हे, शुद्ध बुवाबाजी आहे, असं अख्ख्या टोबॅगोला सांगतो."

"आणखी काय म्हणतो?" मदर इसिल्माने विचारलं.

"तुम्ही माणसांचे डोळे बांधता. उपाशीपोटी मातीवर झोपवता आणि सोडत नाही. पायरीवर जोडे तेवढे दिसतात, माणसं कधी दिसत नाहीत, म्हणतो."

मदर इसिल्मा आल्याचा चहा गाळत होती. पातेलं चांगलं पंगतीला पुरेल एवढं होतं आणि कपही ओळीने मांडलेले होते. तिने त्यातला एक मार्व्हापुढे सरकवला, शेजारी नारळ घालून भाजलेल्या भाकरीचा जाड तुकडा ठेवला आणि मगच समोर बसली.

प्रकरण साधं नव्हतं. गावच्या कौन्सिलने ठरवून टाकलं होतं की इथे एक जरी माणूस मनाविरुद्ध राहत असेल, तर प्रार्थनाघराला कुलूप घालायचं. प्रार्थनाघर चालवणारी मदर तिथेच मागच्या खोलीत राहायची. हे पत्र्याचं घर तिच्या नवऱ्याने, कथबर्टने, स्वतःच्या हाताने उभं केलं होतं आणि तो आता मागच्या फणसाखाली कायमचा विसावला होता. इथून काढलं असतं तर तिला जायला दुसरं दार नव्हतं.

"डोळे बांधतो, खरं आहे," ती म्हणाली. "शोकाच्या व्रताला बसणारा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधतो, मातीवर झोपतो, उपास करतो आणि आत्म्याने दूरदेशी जाऊन येतो. तुझी आजीही बसली होती. ती बाहेर आली तेव्हा काय सांगत होती?"

"आफ्रिकेपर्यंत चालत जाऊन आले म्हणायची," मार्व्हा हसली. "आणि आठवडाभर आम्हाला सांगत होती, तिथलं पाणी किती गोड."

"मग? तिला कोणी धरून ठेवलं होतं?"

मार्व्हाने मान हलवली. तरी नोकरी ती नोकरी. तिने दारं पाहिली. पुढच्या दाराला कडी नव्हती. मागचं दार नुसतं लोटलेलं, त्यातून कोंबडी आत-बाहेर करत होती. राहिला तो शोकाच्या खोलीचा पांढरा पडदा. त्याच्या खालून मेणबत्त्यांचा उजेड येत होता.

"मंडळी आत आहे?"

"पडद्यापलीकडे काय असतं ते घंटा वाजेपर्यंत विचारायचं नसतं, पोरी. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. बोलावल्याशिवाय पडदा सारणाऱ्याची वाट हरवते, असं आजीने तिला लहानपणी इतक्यांदा बजावलं होतं की आज अंगावर गणवेश असूनही तिचा हात पुढे होईना. शेवटी तिने मधला मार्ग काढला. पडद्यापाशी उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "मी पोलीस आहे. कोणाला घरी जायचं असेल तर मागचं दार उघडं आहे. खुशाल निघा, तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

दोघी वाट पाहत उभ्या राहिल्या. मदरने डोळे मिटले होते. मागच्या दाराने कोंबडी तेवढी बाहेर गेली.

"एकही माणूस निघाला नाही," मार्व्हा म्हणाली. "म्हणजे सगळे राजीखुशीने आहेत. मला एवढं पुरे."

"अडवायची विद्या मला येत असती, तर..." मदर म्हणाली आणि पुढे न बोलता तिने कप पुन्हा भरला.

मार्व्हा चांगली ऊन उतरेपर्यंत बसली. आजीच्या गोष्टी निघाल्या, गावातल्या लग्नांची उणीदुणी निघाली. मदरने तिला भाकरीचा तिसरा तुकडा खायला लावला. इतकं हसणं त्या घराने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

निघताना मार्व्हाने विचारलं, "तो फोनवाला कोण असेल? सांगा, जाऊन झाडते त्याला."

"नको गं. त्याचं वाईट चिंतू नकोस. फार एकटा असेल बिचारा."

"तुमचं मन मोठं आहे, मदर." मार्व्हाने टोपी घातली. "काळजी सोडा. तुमच्यावर काही ठपका नाही, असं मी कौन्सिलला आजच सांगते. प्रकरण संपलं. यापुढे तुम्हाला त्रास द्यायला कोणी येणार नाही."

"कोणी नाही?"

"कोणी म्हणजे कोणी नाही."

मदर इसिल्माने तिचे आभार मानले. जीप वळणाआड जाईपर्यंत ती पायरीवर उभी होती, आणि गेल्यावरही बराच वेळ उभी राहिली. घर वाचलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता.

सकाळी तिने पायरीवरचे जोडे दव पुसून नीट लावले: कथबर्टचे बूट, ब्रुकलिनला मुलीकडे गेलेल्या एल्मिनाच्या सपाता, बाजारातल्या, विजेचे पंखे असलेल्या मोठ्या चर्चात जाऊ लागलेल्या फिट्झचे काळे जोडे, आणि कथबर्टच्या शेजारी फणसाखाली निजलेल्यांचे. कालचा उरलेला चहा तिने झाडांना घातला, नवा पातेलंभर चढवला आणि कप ओळीने मांडले. पडदा बाजूला करून रिकाम्या खोलीतल्या विझलेल्या मेणबत्त्या बदलल्या. खिळ्यावरची शोकाची पिवळी पट्टी काढली. रेडिओवर फोन घ्यायची वेळ झाली तसा तिने नंबर फिरवला, पट्टीची घडी फोनच्या तोंडावर धरली आणि घसा बसल्यासारखा जाड आवाज काढला: "हॅलो, मी टेकडीखालचा शेजारी बोलतोय. काल पोलीस आले होते ना, त्यांनाही त्या बाईने गंडवलं."