तोफेची दोरी

"तुर्काची दोरी पुरून नाई राह्यली, उकंडराव," शेषराव म्हणाले.

ओसरीवर वाळू पसरून त्यांनी लढाई मांडली होती. कुंभाराकडून करवून घेतलेले बोटाएवढे मातीचे शिपाई. अलीकडे आपली पलटण, पलीकडे कालव्याच्या बांधाआड तुर्क, दोन्हीकडे एकेक तोफ, तुर्काची बांधाच्याही पार मागे. नियम नागपुराहून मागवलेल्या पुस्तकातले. तोफेचा गोळा जितका लांब जाईल तितकी तिला दोरी. दोरी पोचली की कवड्या टाकायच्या, आणि गोळा लागला तर शिपाई पालथा घालायचा. एवढा जमीनजुमल्याचा धनी मातीच्या बाहुल्या खेळतो म्हणून सारं अमडापूर तोंडाला पदर लावून हसायचं. हसणाऱ्यांचं काय जातं! त्यातल्या एका शिपायाच्या गळ्यात लाल दोरा होता. तो शेषरावांचा धाकटा भाऊ अर्जुन. सात वर्षांपूर्वी बसऱ्याकडच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने गेला. सरकारी कागदात एवढंच लिहून आलं होतं.

आज आखाजी होती, अक्षय्यतृतीयेला पितरांना जेवू घालायचा सण. अर्जुनच्या नावाने पितर म्हणून दर आखाजीला उकंडरावच या घरी जेवायला बसत. दोघे एका पलटणीत होते, एका ताटात जेवले होते. त्यांच्याहून हक्काचा माणूस दुसरा कोण? आतून पुरणाचा वास येत होता. अर्जुनची आई सत्यभामाबाई यांनी पितराचे पाय धुवायला तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवला होता.

"आपली तोफ पलटणीच्या मधात होती का मांगं?" शेषरावांनी विचारलं.

"मांगं, भाऊ. खेचरावरची हलकी तोफ व्हय ते. पलटण पुढं सरकली का तेबी मांगून सरकते, अन् आपल्याच माणसाइच्या डोक्यावरून गोळा फेकते."

"मंग बरोबरच मांडलं मी. अर्जुन इथं, तुर्काची तोफ तिथं. सारं तुमीच सांगतलेलं. आता पाहा."

त्यांनी तुर्काच्या तोफेला दोरीचं एक टोक धरलं आणि दुसरं ताणत आणलं. लाल दोऱ्याच्या शिपायापासून ते वीतभर दूरच राहिलं.

"तीन डाव मांडले. तिन्ही डावांत अर्जुन मरत नाई," शेषराव म्हणाले. "माहंच मोजायले चुकत असन. तुमी म्हणत असान, तर तुर्काची तोफ वीतभर पुढं घेतो."

पाच वर्षं शेषराव खोदून खोदून विचारत आले होते. कालवा कुठं, बांध केवढा, कोण कुठं उभं. उकंडरावांनी सगळं खरं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून. तीच आता वाळूवर उघडी पडली होती. वीतभर तर सरकवायची. हो म्हटलं की झालं. भावाचं समाधान होईल, आत पान वाढलेलंच आहे, आणि मातीच्या तोफेला कुठं तोंड आहे बोलायला?

त्यांनी हात पुढे केला. बोटं तुर्काच्या तोफेला लागलीसुद्धा. मग त्यांनी ती सोडली आणि पलटणीच्या मागची, आपली दोरी उचलली. तिचं टोक आपल्या तोफेशी धरून सरळ पुढे नेलं. निम्मी दोरी अजून हातात होती, तोवर ते लाल दोऱ्याशी पोचले.

शेषराव बघत राहिले. "हे कसं?"

"तोफेले अंतर मी सांगत होतो, भाऊ. टेकाडावरून." उकंडरावांची नजर वाळूतच होती. "आपल्याले वावराचा अंदाज. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एक वावर. तसेच मोजले मनात. पण तिथं ना धुरा, ना झाड. अन् हवा इतकी साफ, का दूरचं जवळ दिसे. तुर्क सहा वावरांवर हाय म्हणून सांगतलं. नऊ वावरं होती."

"अन् अर्जुन?"

"सहाव्यात."

शेषरावांच्या मुठीतल्या कवड्या करकरल्या. ते म्हणाले, "पाच वर्षं त्याच्या पाटावर बसत होते तुमी."

"हो."

शेषरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. उकंडराव उठले. फेटा उचलून वळले तर उंबऱ्यात सत्यभामाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी पायाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि आत नेला. उकंडरावांना वाटलं, संपलं. ते पायऱ्या उतरू लागले.

"उकंडा."

ते थांबले.

"हात धू अन् आत ये. पान वाढलं हाय."

"काकू, मी त्या पाटावर कसा बसू?"

"तुले कोण म्हणते बस म्हणून? आज त्या पाटावर कोणीच बसणार नाई. तू समोर बस, भुईवर." म्हातारीचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "दाराआडून मी आयकलं. अर्जुनानं नाई आयकलं. मले नको सांगू, त्याले सांग. मंग जेवायचं का नाई, ते पाहू."

स्वयंपाकघरात पाट रिकामा होता. पाटापुढे ताट होतं, पुरणाच्या पोळीवर तूप, बाजूला आंब्याच्या रसाची वाटी. उकंडराव समोर भुईवर बसले. दाराशी शेषराव येऊन उभे राहिले होते, सत्यभामाबाई चुलीपुढे पाठमोऱ्या.

रसाच्या वाटीवर माशी बसली. उकंडरावांनी हात लांबवून ती हाकलली.

"सहा म्हणालो रे, अर्जुना," ते म्हणाले. "नऊ होती."